लाल नसलेल्या स्ट्रॉबेऱ्या

दातांच्या त्या लॅबमध्ये कामाला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात टोपणनाव मिळे आणि मग त्याचे खरे नाव फक्त हजेरीपुरते उरे. मेणात दात कोरणारे म्हातारे कारागीर मेणकाका झाले होते. सिरॅमिकच्या भट्टीवर नव्याने आलेला, तिशीचा, बोलण्याआधीच हसून घेणारा कारागीर अजबराव झाला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या ताई मात्र पहिल्यापासून ताईच होत्या. त्यांना दुसरे काही म्हणण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

अजबरावाला हे नाव त्याच्या छंदाने मिळवून दिले होते. लॅबमधल्या सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, ‘बत्तीशी’ नावाचा. दातांचा कुठला ठसा आला, कुठली कॅप गेली, भट्टी कधी बंद राहणार, एवढेच त्यावर येई. अजबराव आला आणि त्यावर रोज चहाच्या वेळी इंटरनेटवरची एक अजब गोष्ट येऊ लागली. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे आले तेव्हा मेणकाका म्हणाले, “बरं आहे. एकाच वेळी तीन ठिकाणी झुरायची सोय.” गोगलगाईला हजारो दात असतात, हे आले तेव्हा तर मालकसुद्धा केबिनमधून बाहेर आले. “तिचा ठसा कोण घेणार?” त्यांनी विचारले. मेणकाका म्हणाले, “घ्या हो सर, घ्या ऑर्डर. माझ्या नातवंडांना पुरेल.” त्या दिवशी ताईही हसल्या होत्या.

पण ते सुरुवातीचे दिवस होते.

लॅबचे काम तसे सरळ असे. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत आणि इथे त्यांवरून कॅप आणि कवळ्या तयार होत. दाढ असली तर रंगाचे फारसे कुणी मनावर घेत नसे. समोरचा दात असला की मात्र डॉक्टर पेशंटलाच लॅबवर पाठवत. उत्तरेच्या खिडकीशी त्याला बसवून ताई नमुन्याच्या दातांची माळ हातात घेत. एकेक नमुना त्याच्या ओठाशी धरून पाहत आणि डावा डोळा किंचित मिटून उजव्याने तोलत. मग त्या शेडचा, म्हणजे रंगछटेचा, नंबर सांगत. त्या नंबरप्रमाणे अजबराव बाटल्यांमधली सिरॅमिकची पूड मिसळून दात चढवी आणि भट्टीत भाजून काढी. तयार दात पुन्हा खिडकीशी येई. ताई त्याला नमुन्याशेजारी ठेवून पाहत आणि ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’शिवाय दात दाराबाहेर पडत नसे.

आणि त्या ‘हं’बद्दल ताईंनाच आता खात्री उरली नव्हती.

गेल्या काही महिन्यांपासून त्यांना दिव्याभोवती एक पुसट कडे दिसे. न्हाणीघरात उभ्या राहून त्यांनी एकदा डावा डोळा झाकला, मग उजवा. डाव्याला पांढऱ्या दिसणाऱ्या फरश्या उजव्याला कुणीतरी पातळ चहाने धुतल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी पुन्हा झाकून पाहिले. मग दार उघडून स्वयंपाकाला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत, कारण डॉक्टरने एकदा दुखण्याला नाव दिले की ते मालकांना सांगावे लागले असते. खिडकीशी बसून त्या अजूनही डावाच डोळा मिटत. इतक्या वर्षांची सवय सगळ्यांच्या नजरेत होती. ती एकाएकी बदलली असती तर पहिला प्रश्न मेणकाकांनीच विचारला असता. झाकली मूठ झाकलेली ठेवायची, तर ती नेहमीसारखीच धरायला हवी होती. त्या खुर्चीतून उठवले तर त्या खोलीत आपल्याला बसायला दुसरी जागा नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आणि नेमक्या त्याच सुमाराला अजबरावाच्या गमती बदलल्या.

प्रथम आले की मधमाशीला माणसाला न दिसणारे रंग दिसतात. मग, घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत म्हणून ते मान फिरवते. मग एका पोशाखाचा फोटो, जो कुणाला निळा-काळा दिसतो, तर कुणाला पांढरा-सोनेरी. त्या दिवशी लॅबमध्ये दोन तट पडले आणि मेणकाका मालकांशीच भांडले. ताईंनी फोटो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. त्यानंतर आली कुणा परदेशी चित्रकाराची हकिकत. त्याला मोतीबिंदू झाला आणि त्याची चित्रे तांबूस, मळकट होत गेली. त्याला मात्र ती तशी दिसत होती की नाही, कोण जाणे.

ताईंनी ते दोनदा वाचले. खाली मेणकाकांनी हसरा चेहरा टाकला होता. ताईंनी काहीच टाकले नाही.

‘लेकी बोले सुने लागे,’ त्या मनात म्हणाल्या.

मग स्ट्रॉबेऱ्या आल्या. चहाच्या वेळी सगळे अजबरावाच्या टेबलाभोवती जमले. फोनवर ताटभर फळांचा निळसर झाक असलेला फोटो होता.

“रंग सांगा,” अजबराव म्हणाला.

“आंधळा आहेस का? लाल,” मेणकाका म्हणाले.

“ताई?”

सगळ्यांच्या माना वळल्या. ताईंना वाटले, हा प्रश्न आज विचारण्यासाठीच गेले दोन महिने ऑक्टोपस आणि गोगलगाई कामाला लावल्या होत्या.

“लाल,” त्या म्हणाल्या.

“यात लाल रंग कुठेच नाही. नुसता राखाडी आहे. मेंदू आपल्या मनानं लाल भरतो.” त्याने फोटोचा एक तुकडा मोठा करून दाखवला. खरेच राखाडी होता. “म्हणजे बघा, डोळ्यांवर विश्वास किती ठेवायचा!”

सगळे हसले. अजबराव हसताना ताईंकडे पाहत होता. निदान ताईंना तसे दिसले.

दोनच दिवसांनी एक कॅप परत आली. समोरचा दात होता. डॉक्टरांचा निरोप असा होता की बाकीच्या दातांमध्ये हा पाहुण्यासारखा दिसतो, पिवळा पडलाय. मालकांनी डबी ताईंच्या टेबलावर ठेवली. ते रागावणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे त्यांचे गप्प राहणे जास्त लागे.

“तुम्ही बघितली होती ना, ताई?”

“बघितली होती.”

“मग ठीक आहे,” मालक म्हणाले आणि आत गेले. काय ठीक आहे, ते त्यांनी सांगितले नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी ‘बत्तीशी’ पहिल्यापासून वाचून काढली. त्यांचे यजमान बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर होते. दिवसभर प्रश्न ऐकून आल्यामुळे घरी ते सहसा विचारत काही नसत. आज त्यांनी विचारले.

“काय शोधतेस एवढं?”

“हा बघा. आधी प्राणी, पक्षी, गोगलगाई. आणि या दिवसापासून नुसते डोळे. डोळे आणि रंग. एक दिवस खंड नाही. हे आपोआप होतं?”

“मलाही परवा कुणी पाठवलं होतं, रेनडिअरचे डोळे थंडीत निळे होतात म्हणून. मी काय समजायचं? डेपोवाले मला बर्फात पाठवणार?”

“तुम्हाला थट्टा सुचते.”

“अगं, चोराच्या मनात चांदणं.” ते बोलून गेले, आणि बायकोचा चेहरा पाहून थांबले. त्यांना त्या फरश्यांची गोष्ट माहीत होती, घरात फक्त त्यांनाच. “सरळ विचार ना त्याला.”

“विचारलं म्हणजे कबूल केलं.”

“मग डॉक्टरकडे तरी चल.”

“ते म्हणजे लेखी कबूल केलं.”

यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. “दिवसभर लोक मला विचारतात, गाडी येणार ना? त्यांना उत्तर नको असतं, नुसतं ‘येणार’ ऐकायचं असतं. मी तुला ‘येणार’ म्हणू का?”

ताई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या संशयाला पुरावा मिळाला. जेवणाच्या सुट्टीत सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसले असताना त्या पाण्याची बाटली घ्यायला परतल्या. अजबराव त्यांच्या खुर्चीत बसला होता. नमुन्याची माळ सोडून त्याने सगळे दात खिडकीत पसरले होते आणि प्रत्येकाच्या नंबरावर कागदाची पट्टी चिकटवली होती. एकेक दात उचलून तो दुसऱ्याशेजारी ठेवी, पट्टी उचलून नंबर पाही, पुन्हा जागा बदली. ताई दारातच थिजल्या. म्हणजे परीक्षेची तयारी इथवर आली होती तर! नंबर झाकून माळ पुढे करायची, ‘ताई, गंमत म्हणून ओळखा बरं’ म्हणायचे, आणि मालक नेमके तेव्हा केबिनमधून बाहेर यायचे. कानामागून आलेला हा माणूस खुर्चीपर्यंत पोचलाच होता. आता फक्त जुनी मालकीण उठायची राहिली होती.

त्या आवाज न करता मागे फिरल्या. डबा त्यांनी तसाच बंद केला. खड्डा खणणाऱ्यालाच त्यात उतरवायचे, हे त्यांनी तिथेच ठरवले.

दुपारी एक शाळामास्तरीणबाई आल्या. समोरच्या दाताचा कोपरा तुटलेला, म्हणून बोलताना हात तोंडावर. ताईंनी त्यांना खिडकीशी बसवले, आरसा हातात दिला, माळ उचलली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आज शेड अजबराव बघतील.”

भट्टीजवळ अजबरावाचा हात थांबला. “मी?”

“का? रंगांचा एवढा अभ्यास आहे तुझा. रोज आम्हाला शिकवतोस. ये ना.”

“ताई, नको. तुमचं काम आहे ते.”

“आता लाजतोय बघा नव्या नवऱ्यासारखा,” मेणकाका चाकू पुसत म्हणाले. “जा रे. बाई काही चावणार नाहीत. दात तुटलाय त्यांचा.”

मास्तरीणबाई हात न काढता हसल्या. मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. ताईंना ते अपेक्षितच होते, फक्त आज परीक्षा दुसऱ्याची होती.

अजबरावाने माळ घेतली. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने पहिला नमुना ओठाशी धरला, बदलला, पुन्हा पहिला धरला. तो दातांकडे कमी आणि नमुन्यांवरच्या नंबरांकडे जास्त पाहत होता. ताईंनी पुढे होऊन नंबरांवर आपली बोटे ठेवली. “नंबर नंतर. आधी दात बघ.”

बराच वेळ गेला. शेवटी त्याने एक नमुना वर केला. “हा.”

मास्तरीणबाईंनी आरशात पाहिले. “अहो, हा गुलाबी नाही का वाटत?”

गुलाबीच होता. ताईंच्या चहाच्या रंगाने मळलेल्या उजव्या डोळ्यालासुद्धा तो गुलाबी दिसत होता.

“अजबरावांना लाल दिसतच नाही वाटतं!” मेणकाका मोठ्याने म्हणाले. त्यांनी ते विनोद म्हणूनच म्हटले होते. पण अजबराव हसला नाही. बोलण्याआधी हसणारा तो माणूस नमुना हातात धरून उभा राहिला आणि खोलीतल्या एकेकाचे हसू विझत गेले. मेणकाकांचे सगळ्यांत शेवटी.

ताईंनी तो चेहरा जवळून पाहिला. न्हाणीघराच्या आरशात तो त्यांनी रोज पाहिला होता.

त्यांनी माळ हातात घेतली. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो कुठे सापडेना. मास्तरीणबाईंच्या ओठाशी नेलेला नमुना त्यांनी परत खाली घेतला. “बाई, तुम्ही उद्या सकाळी याल का? आज उजेड बरोबर नाही.”

मेणकाकांनी खिडकीबाहेर पाहिले. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. ते पुन्हा मेण कोरायला लागले.

ताई जिन्यात गेल्या तेव्हा अजबराव खालच्या वळणावर, कठड्याला टेकून उभा होता.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” त्याने विचारले.

“काय माहीत होतं?”

“ताई, आता तरी खेळवू नका. सगळे माझ्या गमतींना काहीतरी उत्तर द्यायचे. तुम्ही नाही. तुमच्या नुसत्या त्या दोन निळ्या खुणा. वाचलंय, पण बोलणार नाही. मला कळलं होतं, तुम्ही ओळखलंय. त्यात ती कॅप परत आली. रोज वाटायचं, आज सरांना सांगणार.”

ताई पायरीवर बसल्या. “मला वाटत होतं, ते तू माझ्यासाठी पाठवतोस.”

“तुमच्यासाठी? का?”

त्यांनी प्रश्न उलटवला. “मग कुणासाठी पाठवायचास?”

“कुणासाठी असं नाही.” तो नखाने कठड्याचा रंग खरवडत होता. “लाल आणि हिरवा मला नीट कळत नाही, लहानपणापासून. हे काम मी नंबरावर करतो. बाटलीवर नंबर, दातावर नंबर, भट्टीचा आकडा. डोळ्यांनी काही ठरवावं लागत नाही, ते तुम्ही ठरवता. म्हणून तर ही नोकरी धरली. पण भीती असते ना. म्हणून वाचत बसायचो, कुणाला काय दिसतं, काय दिसत नाही. मग वाटायचं, ग्रुपवर टाकावं. कुणीतरी म्हणेल, अरे, मलापण तसं दिसत नाही. मग मीपण म्हटलं असतं. त्या स्ट्रॉबेऱ्या टाकल्या तेव्हा सगळे ‘लाल लाल’ ओरडले. मला त्यात गंमत काय, तेच कळत नव्हतं. मी नुसता हसलो.”

“आणि आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या खुर्चीत?”

त्याने चमकून पाहिले. “ते बघितलंत? शिकता येतं का बघत होतो. नंबर झाकून. नाही येत.”

ताईंना पहिल्यांदा वाटले, विश्वास ठेवावा. मग दुसरे मन म्हणाले, अडकलेला माणूस असेच गोड बोलतो. बारीकसारीक जुळते आहे म्हणून खरे असेलच असे नाही. त्यांचे स्वतःचे सगळे अंदाजही असेच जुळलेले होते. कसे पारखायचे, तेवढे त्यांना समजेना. तेवढ्यात वरून मालकांची हाक आली.

केबिनमध्ये मालकांनी दार लावून घेतले. समोर परत आलेल्या कॅपची डबी होती.

“ताई, आधी तुमची माफी मागतो. ही कॅप आली तेव्हा माझ्या मनात तुमच्याबद्दल किंतु आला होता. वय, डोळे, म्हटलं काय सांगावं. मेणकाकांशीही बोललो मी.” ते अवघडून हसले. “आता कळलं. रंग न दिसणारा माणूस भट्टीवर बसवला, चूक माझी आहे. महिनाअखेर त्याला सांगतो दुसरीकडे बघ म्हणून. वाईट वाटतं, पण डॉक्टरांना काहीतरी सांगावं लागेल.”

ताईंना काहीच करायचे नव्हते. नुसते ‘हं’ म्हणायचे होते.

त्यांनी डबी उचलली. झाकणावर त्यांच्याच अक्षरात शेडचा नंबर होता. त्यांनी एप्रनच्या खिशातली माळ काढून त्या नंबराचा नमुना सुटा केला आणि केबिनच्या खिडकीशी कॅप त्याच्याशेजारी धरली. डावा डोळा आपोआप मिटायला लागला. त्यांनी तो उघडा ठेवला आणि तळहाताने उजवा झाकला. मालक पाहत होते. पाहू देत.

उजेडात दोन्ही दात शेजारी शेजारी उभे होते. कॅप आणि नमुना यांत केसाचाही फरक नव्हता. सांगितलेला रंग अजबरावाने नंबरावरून तंतोतंत उतरवला होता. फरक होता तो पेशंटच्या दातांत आणि त्या नंबरात. तो नंबर पेशंटच्या ओठाशी नमुना धरून, उजव्या डोळ्याने तोलून, ताईंनी निवडला होता.

जिन्यातल्या बोलण्याची पारख आपोआप झाली होती, आणि सोबत त्यांच्या स्वतःच्या डोळ्याचीही.

“सर, हा दात चुकलेला नाही,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर तर म्हणतात...”

“डॉक्टरांचं बरोबर आहे. दात मी मागितला तसा झालाय. मागितला तोच चुकीचा. नंबर माझा होता.” त्यांनी हात डोळ्यावरून खाली घेतला. “या डोळ्यानं मला पिवळं नीट कळत नाही. बरेच दिवस झाले. तुमच्या मनात जे आलं होतं ते खरं आहे.”

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर भट्टीचा पंखा फिरत होता.

“हे मला सांगायची गरज नव्हती, ताई,” ते हळू म्हणाले. “आत्ता तरी नव्हती.”

“माहीत आहे.”

“मग तो राहिला तर... नंबरावर तो चालतो, म्हणता?”

“मी इतके दिवस त्याच्याकडून गेलेला प्रत्येक दात बघितलाय. म्हणजे, जेवढा दिसला तेवढा बघितलाय. माझ्या शब्दावर जाऊ नका. परत न आलेल्या कॅपवर जा.”

“आणि शेड? उद्या सकाळी त्या बाई येतील. कोण बघणार?”

ताईंनी नमुना पुन्हा माळेत अडकवला. माळ त्यांच्या हातात नेहमीइतकीच हलकी होती. ती टेबलावर, मालकांच्या बाजूला ठेवायला मात्र त्यांना वेळ लागला.

“उद्या मेणकाकांना बसवा. मी शेजारी उभी राहीन, डावा डोळा घेऊन. परवा मला सुट्टी हवी. यजमान डॉक्टरकडे नेणार आहेत. डॉक्टर काय म्हणतात, त्यावर पुढचं.”

मालकांनी मान हलवली. खुर्चीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि ताईंनी विचारले नाही.

बाहेर आल्यावर अजबरावाने भट्टीजवळून मान वर केली. त्याच्या नजरेत अजून संशय होता. आत आपले काय ठरले, हे तो ताईंच्या चेहऱ्यावरून वाचू पाहत होता आणि त्याला ते साधत नव्हते.

“भट्टी लाव,” ताई म्हणाल्या. “तुला काढायचं काही ठरलेलं नाही. माझं ठरायचं आहे.”

“ताईसाहेब,” मेणकाका चाकू खाली ठेवून म्हणाले, “एवढं तरी सांगा, रडायचं की हसायचं?”

“तुम्ही आधी हात धुवा. उद्यापासून माळ धरायची आहे.”

मेणकाकांनी आपल्या मेणाने माखलेल्या बोटांकडे पाहिले आणि खुर्ची सरकवून ते नळाकडे निघाले.